शेजारच्या सीटवरचा ब्रेक

४ फेब्रुवारी

ठमे,

पोचलो. प्रवासात शेजारचे गृहस्थ सगळा वेळ माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले आणि उतरताना विचारतात, "तुम्हाला त्रास नाही ना झाला?" मी म्हटलं, "झाला." हे ऐकून तुझ्या आईने कपाळाला हात लावला.

पत्र टाइप करतोय, दोन बोटांनी. माझं हस्ताक्षर तुझ्या फोनमधल्या त्या वाचणाऱ्या बाईला लागत नाही ना. शिवाय ती सगळं एकाच सुरात वाचते, असं तू म्हणतेस. म्हणजे मी रागावलो तरी तुला कळायचं नाही. म्हणून सरळ लिहितो: इथे मी रागावलेलो आहे.

निघताना तू दारात म्हणालीस, "बाबा, पुढच्या वेळी यायच्या आधी विचारा." बरं. विचारीन. अकरा वर्षांची होतीस, नजर गेली, तेव्हापासून माझ्या कोपराला धरून चाललीस. शाळा, कॉलेज, फिजिओथेरपीचा कोर्स, हॉस्पिटलातली ती पहिली मुलाखत, सगळीकडे. ते कोपर अजून सवयीने बाहेर काढूनच चालतो मी. बाजारात लोकांना लागतं. तेव्हा कोणी विचारत नव्हतं, येऊ का म्हणून.

आता तुझ्याकडे साहेब आहेत. तुझ्या कुत्र्याचं खरं नाव मी घेत नाही, 'काम चालू असताना परक्याने त्याला नावाने हाक मारायची नाही' असं तू पहिल्याच दिवशी बजावलंस. मी परका, हेही त्यातच आलं. म्हणून साहेब. छाती काढून पुढे बघत चालतो, कुणाला भीक घालत नाही, शोभतं त्याला. पण खरं सांगू? वर्ष झालं तुला तो त्या वाट दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या केंद्रातून मिळून, आणि अजून तो तुझं धड ऐकत नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी त्या उंच इमारतीच्या तळघरातून गाड्या वर येतात ना, तिथे तू 'पुढे' म्हणतेस आणि हा नंदीसारखा उभा. तू दोनदा म्हणायचं, तीनदा म्हणायचं. हॉस्पिटलला उशीर झाला तर बोलणी कुणी खायची?

तर तुला आता सांगतो. तू सकाळी आंघोळीला आणि आवरायला जायचीस तेव्हा मी त्याला खाली फिरवून आणायचो, ते नुसतं फिरवणं नव्हतं. हार्नेस, तो तुझा दांड्याचा पट्टा, चढवायचो, त्या तळघराच्या उतारापाशी न्यायचो आणि 'पुढे' म्हणायचो. अडला की एक हलका हिसका. निघाला की बिस्कीट. तिथून परत, आणि पुन्हा. माझं राहणं संपत आलं तेव्हा साहेब लोण्यातून सुरी फिरावी तसे निघायला लागले होते. आयुष्यभर लोकांना गाडी शिकवली आहे मी. एक माणूस असा नाही गेला माझ्या हाताखालून, ज्याला 'चला' म्हटल्यावर विचार करत बसायची सवय राहिली. विचार करायला मी शेजारच्या सीटवर होतो ना, पायाखाली जादा ब्रेक घेऊन.

आभार मानू नकोस. नुसतं बघ, आता वेळेवर पोचतेस की नाही.

तुझा (रागावलेला, पण फार नाही)
बाबा


२० फेब्रुवारी

ठमे,

तुझी आई तुझ्याकडे पोचली असेल. तिने बॅग भरली तेव्हा मीही माझी काढली होती. ती म्हणाली, "तुम्ही नका येऊ. ती नको म्हणाली आहे." मी म्हटलं, हात मोडलाय पोरीचा, आणि बापाने घरी बसायचं? तिने माझी बॅग उचलून परत कपाटावर ठेवली.

मनगट म्हणजे तुझं पोट. दिवसभर लोकांचे खांदे, गुडघे आणि पाठी याच हातांनी सरळ करतेस. डॉक्टर काय म्हणतात ते मला आईकडून तुकड्यातुकड्याने कळतं. फोन आला की ती गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायची. पस्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यापासून दार ओढून घेतलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

ज्या माणसाने ती बॅटरीची गाडी तळघरातून वर काढली त्याला धरून आणायला पाहिजे. आवाज न करणारी गाडी चालवता, तर हॉर्न वाजवायला हात झडले होते? त्या इमारतीवाल्यांनाही विचारायला पाहिजे, उतारापाशी माणूस का नाही ठेवला. आणि तुझं ते कुत्रं. गाडी दिसत नव्हती त्याला? त्याचे डोळे चांगले म्हणून तर तो तुला दिलाय. मी आधीच म्हणत होतो, जनावरावर एवढा भरवसा टाकू नये.

तू फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवलास तो ऐकला. "बाबा, तो उतारापाशी थांबला होता. मी 'पुढे' म्हटलं, तो जरा घुटमळला आणि मग निघाला. तो निघाला म्हणजे रस्ता मोकळा आहे, असं मी धरून चालले. तुम्ही त्याला तिथे काय शिकवत होतात?"

अगं, मी त्याला ऐकायला शिकवलं. ऐकायला शिकवणं हा गुन्हा आहे का?

हाडं जुळतात. काळजी करू नकोस. दूध घे.

बाबा


६ मार्च

ठमे,

तू उत्तर देत नाहीस. आई फोनवर म्हणते, "ती झोपली आहे." दुपारी झोपलेली, संध्याकाळी झोपलेली. इतकी तर तू तान्ही असतानाही झोपत नव्हतीस.

काल केंद्रातून फोन आला होता, साहेबांना शिकवणाऱ्या बाईंचा. आवाज असा की मला वाटलं, आता लायसन्स मागतील. म्हणाल्या, कुत्रा तपासणीसाठी परत आणलाय. इतर सगळं चोख करतो. पण उतार दिसला, 'पुढे' म्हटलं, की गाडी येत असली तरी निघतो, आणि निघाल्यावर मान वर करून कुणाच्या तरी खिशाकडे बघतो. "घरी त्याला कुणी काही खायला देत होतं का?"

मी म्हटलं, "नाही हो."

मग त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीने मला तुमचं पत्र ऐकवलंय."

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे काय, आपटलाच. आणि मग घरात एकटाच फेऱ्या मारत राहिलो. तू माझं पत्र लोकांना ऐकवतेस याचा राग यावा म्हणून मी खूप प्रयत्न केला. आला नाही. त्या यंत्रातल्या बाईने सपाट आवाजात ते वाचलं असणार: अडला की एक हलका हिसका, निघाला की बिस्कीट. तुम्ही दोघींनी बसून ते ऐकलंत.

संध्याकाळी मीच परत फोन लावला. म्हटलं, हो, मी दिली बिस्किटं. हार्नेसही मी घातला. त्या म्हणाल्या, "या इकडे. ज्याने शिकवलं तोच हवा आहे मला."

जाऊ का? तू म्हणालीस तशी आधी विचारतोय. नको असेल तर आईला सांग, ती मला सांगेल. काही कळवलं नाहीस तर मी जाईन.

बाबा


२३ मार्च

ठमे,

तू काहीच कळवलं नाहीस म्हणून गेलो.

केंद्र म्हणजे शाळाच आहे. आवारात खोटे रस्ते केलेत. फुटपाथ, पायऱ्या, खड्डा, डोक्याला लागेल अशी टांगलेली फांदी, आणि एक उतार, तुमच्या तळघरासारखाच. मला एकदम आमचं शिकाऊ मैदान आठवलं, डबे मांडून त्यातून गाडी काढायला लावायचो ते. मी जरा खुशीत आलो होतो, खोटं कशाला बोलू. बाई बुटक्या आहेत, हसऱ्या आहेत, आणि कुणाची भीडभाड म्हणून ठेवत नाहीत. मला म्हणाल्या, "काका, तुम्ही फार चांगले शिक्षक आहात. मला वर्ष लागतं ते तुम्ही आठवड्यात उलटं करून दाखवलंत."

मग त्यांनी मला एक दुसरा कुत्रा दाखवला. एक तरुण शिकाऊ मुलगी डोळ्यांना पट्टी बांधून त्याच्यामागे उभी. उतारावर गाडी सुरू केली. मुलगी म्हणाली, "पुढे." कुत्रा हलला नाही. "पुढे." नाही. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा तो तिच्या पायांसमोर आडवा होऊन उभा राहिला आणि त्याने तिला ढकललं मागे. गाडी निघून गेली. मग तो आपणहून चालायला लागला.

बाई म्हणाल्या, "बाकी सगळं कुठलाही कुत्रा शिकतो. हे सगळ्यांत शेवटी शिकवायचं आणि सगळ्यांत अवघड. ज्याच्यावर जीव आहे त्याने सांगितलं तरी नाही ऐकायचं."

मी विचारलं, "म्हणजे माझ्या मुलीकडे तो रोज तिथे अडायचा..."

"तळघरातून आवाज यायचा. आपल्याला येत नाही, त्याला येतो. गाडी वर येतेय की नाही याची खात्री करून मग निघायचा. हट्टी नव्हता तो."

चहा पिताना त्यांनी माझ्या कामाचं विचारलं. मी सांगितलं. शिकणारा चालवतो, आपण शेजारी बसायचं, बोलत राहायचं, आणि पायाखाली आपला एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याचं चुकलं की त्याला न विचारता दाबायचा. लोक चिडतात. 'मी बघितली होती हो ती सायकल' म्हणतात. म्हणू देत. त्या ब्रेकच्या जोरावर माझ्या गाडीत कधी कुणाला ओरखडा आला नाही. हे मी नेहमीसारखं छाती फुगवून सांगत होतो, आणि सांगता सांगता माझीच बोबडी वळली. बाईंनी बशी माझ्याकडे सरकवली. बशीत बिस्किटं होती. मला घेववेना.

ठमे, शेजारच्या सीटवर तो बसला होता. तुझा ब्रेक तोच होता. आणि मी, ज्याने जन्मभर दुसरं काही केलं नाही, त्याला बिस्कीट देऊन ब्रेकवरचा पाय काढायला लावला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

आणखी एक आहे, ते लिहू की नको असं करत होतो. तो बिघडला तर त्याला कामातून काढतील, कुठल्यातरी घरी साधा पाळीव म्हणून देतील, आणि तुला नवा मिळेपर्यंत पुष्कळ दिवस जातील, हे बाईंनी फोनवर सांगितलं होतं. ते ऐकलं तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं असेल? 'म्हणजे पोरीला पुन्हा कोपर लागणार.' आणि बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. तुझं मनगट प्लास्टरमध्ये असताना. बापाला असं वाटावं याची मला फार लाज वाटते आहे.

त्या यंत्रातल्या बाईला हे नीट वाचता येऊ दे.

बाबा


१२ एप्रिल

ठमे,

तुझं प्लास्टर निघालं असं आईने सांगितलं. बोटं वळतात म्हणाली. मी तिला दोनदा विचारलं, पूर्ण वळतात का. ती म्हणाली, "पूर्ण नाही अजून. ती लोकांना सांगते तेच व्यायाम आता स्वतः करते, आणि लोकांपेक्षा जास्त कुरकुरते." हे ऐकून मला हसू आलं, आणि मग कुठलंसं भांडं शोधायच्या निमित्ताने मी ओट्याखाली बराच वेळ डोकं घालून बसलो.

मी इथे केंद्राजवळच एक खोली घेऊन राहिलोय. रोज जातो. माझं काम काय, सांगू? वाईट वागायचं. साहेबांना हार्नेस घालून एक शिकाऊ मुलगी उभी राहते. मी पुढे उताराच्या पलीकडे बिस्कीट धरून उभा. गाडी सुरू होते. आणि मी माझ्या शिकवायच्या आवाजात म्हणायचं, "पुढे." त्याने यायचं नाही. आला की सगळं थांबवायचं, बिस्कीट खिशात, पाठ फिरवायची, एक शब्द बोलायचा नाही. तो माझ्याकडे बघतो. ठमे, त्याचा चेहरा असा होतो की बस. कालपर्यंत याच गोष्टीला शाबासकी देणारा हा म्हातारा आज पाठ का फिरवतो, हे त्याला कसं कळावं?

पहिले काही दिवस तो दर वेळी आला. दर वेळी. बाकी कुणाच्याही आवाजाला थांबायचा, माझ्याला नाही. बाई म्हणाल्या, "तुमच्यावर जीव जडलाय त्याचा." असलं कौतुक कधी ऐकून घ्यावं लागेल असं वाटलं नव्हतं.

मग परवा. गाडी उतारावरून वर येत होती. मी म्हटलं, "पुढे." त्याने बिस्किटाकडे बघितलं. गाडीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि खाली बसला. मी पुन्हा म्हटलं, जोरात, ज्या आवाजाला मोठमोठे बाप्ये घाबरून क्लच सोडायचे त्या आवाजात. तो उठला, त्या मुलीच्या पायांसमोर आडवा झाला आणि तिला मागे रेटलं. मला नाही म्हणाला, तोंडावर.

आयुष्यात माझं कुणी ऐकलं नाही याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मी तिथेच खाली बसलो. बाईंना वाटलं मला काही होतंय.

आता दुसरं. साहेब परत कामाला लागतील, बाई तसं लिहून द्यायला तयार आहेत. पण त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, तो थांबायला शिकला. पण तुम्ही जवळ असलात की त्याची मान तुमच्याकडे वळते. रस्त्यात अर्धा क्षण मान वळली तरी पुरे आहे. काम करताना त्याचं माणूस एकच असायला हवं."

मी विचारलं, "म्हणजे मी तिच्याकडे जायचं नाही?"

"तो तिच्यासोबत असताना नाही."

तो तुझ्यासोबत नाही असं कधी असतं? मी विचारलं, किती दिवस. म्हणाल्या, "मान वळायची थांबेपर्यंत. कधीकधी लवकर थांबते. कधी नाहीही थांबत."

मी हो म्हटलंय. तुला न विचारता हो म्हटलं, ही शेवटची गोष्ट तुला न विचारता केलेली. तुला दया येईल, आणि तू म्हणशील, 'काही होत नाही, या बाबा.' तर तसं म्हणू नकोस. मी दाराशी येऊन उभा राहिलो, गोड बोललो, तब्येतीचं रडगाणं गायलो, आईला मध्ये घातलं, तरी जागची हलू नकोस. साहेबांनी केलं तसं कर.

बाबा


२९ एप्रिल

ठमे,

काल तू साहेबांना घ्यायला आलीस तेव्हा बाईंनी तुला सांगितलं असेल की मी गावी परत गेलो. मीच तसं सांगायला लावलं होतं. मी ऑफिसच्या खोलीत होतो, आवाराकडच्या बंद खिडकीच्या आत. परवानगी काढली होती, फक्त बघण्याची. आई तुझ्यासोबत होती आणि तिला माहीत होतं. मूग गिळून बसायला सांगितलं तर तुझी आई सोन्याची आहे.

तू बारीक झालीस. ते निळं जाकीट ढगळ होतंय. मनगटाला पट्टा आहे अजून, पण हार्नेस त्याच हाताने धरलास, ते मी पाहिलं. आधी तू खाली बसलीस आणि त्याने तुझ्या मानेत तोंड खुपसलं, आणि तुम्ही दोघं किती वेळ तसेच. तू त्याच्या कानात काहीतरी बोलत होतीस. काचेतून ऐकू आलं नाही. यायला नकोच होतं.

मग तू उठलीस आणि बाईंनी तुला सगळ्या खोट्या रस्त्यांवरून फिरवलं. पायऱ्या, खड्डा, फांदी. मी श्वास रोखून होतो, जसा पहिल्यांदा हमरस्त्यावर गाडी काढणाऱ्याच्या शेजारी बसून असायचो. माझा उजवा पाय जमीन दाबत होता. उतारापाशी तो थांबला. तू 'पुढे' म्हणालीस. गाडी होती. तो हलला नाही, आणि तूही हलली नाहीस, आणि तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते बघायला मी जगलो म्हणायला हरकत नाही.

गाडी गेली. तुम्ही निघालात. आणि खिडकीच्या अगदी लगत आल्यावर त्याची मान वळली.

मी काही केलं नव्हतं. खरंच. काचेच्या आत होतो, खोकलोसुद्धा नव्हतो. कसं कळलं त्याला, त्यालाच ठाऊक. पण मान वळली, थेट माझ्याकडे, आणि हार्नेसच्या दांड्यातून ते तुझ्या हाताला लागलं असणार, कारण तू थांबलीस. तुझा चेहराही इकडे वळला. आई तिकडे जमिनीकडे बघत उभी होती.

तू बोलली नाहीस. हाक मारली असतीस तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही. मी तुझा बाप आहे, साहेब नाही. बहुतेक धावत आलो असतो.

मी खिडकीपासून मागे झालो, भिंतीपर्यंत. तिथून मला तुम्ही दिसत नव्हतात. नुसता तुझा आवाज आला, शांत, एकदाच.

"पुढे."

आणि मग पावलं ऐकू आली, तुझी आणि त्याची, न थबकता.

बाबा